रोडग्याचा नवस

एकनाथांच्या भारुडांत एक सून आहे. ती भवानीपुढं उभी राहते, रोडगा कबूल करते आणि घरातल्या माणसांची यादीच वाचायला लागते. सासरा गावाला गेलाय, तो तिकडचा तिकडेच संपू दे. सासू छळते, तिचा लवकर निकाल लाव. जाऊ तोंडाळ आहे, तिचंही बघ. नणंदेचं पोर सारखं रडतं, त्याला खरूज होऊ दे. मग नवऱ्याची पाळी. शेवटी मागणं असं, की सगळेच जाऊ देत आणि मला एकटीला सुखानं राहू दे. हे भारूड मी कळायला लागल्यापासून ऐकतेय. मुलगी होते तेव्हा ऐकलं, सून झाल्यावर ऐकलं, आणि आता माझ्याच मुलीच्या लग्नाच्या गोष्टी निघताहेत तेव्हाही ऐकतेय. दर वेळी यादीतलं वेगळंच माणूस मला जवळचं वाटतं.

माझं माहेर पैठण तालुक्यात, गोदाकाठी. गावात सप्ता बसायचा. कीर्तन उरकलं, की रात्री उशिरा भारूड उभं राहायचं. आमच्या गल्लीतले एक शिंपीकाका सून व्हायचे. अंगात बायकोचं नऊवारी, कपाळभर कुंकू, आणि मिशी तशीच. पदर डोक्यावरून घसरला, की ते तो असा हातभर पुढं ओढायचे, की तेवढ्यावरच पहिला हशा यायचा. मागं टाळकरी उभे. त्यातला एक जण मुद्दाम विचारायचा, "बाई, सासऱ्यानं तुमचं असं काय वाकडं केलं?" आणि काका उत्तरादाखल गावातल्याच कुठल्या तरी सासऱ्याची चाल करून दाखवायचे. कुणाची ते सगळ्यांना कळायचं. ज्याची चाल असायची तो पारावर बसलेला असायचा, आणि तोही हसायचा.

मला त्या रात्री आठवतात त्या काकूच्या हसण्यामुळं. माझी काकू घरात आजोबांसमोर कधी बोलायची नाही. ताट वाढताना बांगडीचा आवाजसुद्धा होऊ द्यायची नाही. तीच काकू सासूच्या कडव्याला पदर तोंडात कोंबून इतकी हसायची, की शेवटी डोळे पुसायची. तिच्या शेजारी आजी, म्हणजे तिची सासू. आजीही हसायची, कारण तिला तिची सासू आठवत असणार. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी पुन्हा एकाच चुलीपाशी. रात्रीबद्दल कुणी कुणाला काही बोलायचं नाही. पण सप्त्याच्या त्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात भांडी कमी आपटायची, हे मी लहानपणी नीट पाहिलेलं आहे.

ज्यानं ही सून उभी केली तो माणूस काही संसाराला कंटाळून रानात गेलेला नव्हता. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडं शिकून, तीर्थयात्रा करून नाथ पैठणला परत आले आणि गृहस्थ झाले. अठरा हजारांवर ओव्यांचं भागवत त्यांनी 1573 साली काशीत पुरं केलं. 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि त्याच हातानं विंचू चावलेल्या माणसाचं बोंबलणं लिहिलं, जोशी, गारुडी, वासुदेव, एडका, कुत्रा, मुका, बहिरा असे सव्वाशेच्या आसपास विषय घेऊन तीनशेच्या घरात भारुडं रचली. विद्वानांसाठी एक आणि अडाण्यांसाठी दुसरं, अशी ही वाटणी आहे, असं मला कधीच वाटलं नाही. पाठभेद तपासत बसणाऱ्या माणसाला शब्दाचं वजन कळतं, म्हणूनच त्याच्या सुनेची तक्रार इतकी बिनचूक उतरते. यादीतला सासरा गावाला गेलेला आहे, ही गोष्ट बघा. घरात असता तर ती बोलूच शकली नसती.

नाथांच्या स्वतःच्या घरात तरी काय कमी गोंधळ होता! मुलगा हरिपंडित मोठा पंडित झाला आणि वडिलांवरच रुसला. आख्यायिका सांगते, की वडील मराठीत सांगतात आणि कुणाच्याही हातचं खातात, हे त्याला पटेना, म्हणून तो काशीला निघून गेला. पुढं परत आला, तोही अटी घालून. एवढ्या मोठ्या संताला घरचं भांडण चुकलं नाही, हे लहानपणी ऐकलं तेव्हा मला फार धीर आला होता. आमच्याकडंही तेव्हा वडील आणि काका एका बांधावरून बोलत नव्हते.

आणि नाथांच्या पत्नी गिरिजाबाईंची ती गोष्ट. नाथांना राग येतच नाही म्हणतात, तो आणून दाखवायचा, अशी पैज लावून एक जण घरी आला. पानावर बसला. गिरिजाबाई वाढायला वाकल्या तशी त्यानं त्यांच्या पाठीवरच उडी मारली. नाथ म्हणाले, सांभाळ, पाहुणा पडेल. आणि गिरिजाबाई म्हणाल्या, पडू कशी देईन, हरीला पाठीवर घेऊन कामं करायची मला सवय आहे. कीर्तनकार ही गोष्ट शांतीचा महिमा म्हणून सांगतात. मला ती नवराबायकोची गोष्ट वाटते. असल्या विचित्र प्रसंगात एकानं एक वाक्य बोलावं आणि दुसऱ्यानं ते जिथल्या तिथं उचलून त्याहून चांगलं करून परत द्यावं, हे बराच काळ एकमेकांबरोबर हसत काढल्याशिवाय जमत नाही. गिरिजाबाईंच्या उत्तरात विनोद आहे, देव आहे आणि पोटचं पोरही आहे. तिन्ही वेगळं काढायला गेलं तर वाक्यच उरत नाही.

म्हणून भारुडाचा अर्थ सांगणाऱ्यांशी माझं थोडं भांडण आहे. सासरा म्हणजे अहंकार, सासू म्हणजे कल्पना, कुणी म्हणतं ममता. नवरा म्हणजे अविवेक. सगळे विकार गेले, की उरतो तो एकटा आत्मा. अर्थ खोटा नाही, शेवटी नाथांना तिकडंच न्यायचं आहे, यात शंका नाही. पण काही जण तो अर्थ इतक्या घाईनं सांगतात, की खरी सासू कल्पनेच्या आड लपून बसते आणि खऱ्या सुनेचं गाऱ्हाणं कुणी ऐकतच नाही. माझी काकू हसली ती कल्पना आणि ममतेला नव्हे. तिचं दुःख कुणीतरी चारचौघांत, देवीच्या साक्षीनं मोठ्यानं म्हटलं, म्हणून हसली. देवीपुढं असं वेडंवाकडं बोलता येतं, ती रागवत नाही, रोडगा घेऊन ऐकून घेते, हा विश्वास तिला मिळाला तो त्या हसण्यातून. परमार्थ त्यानंतरचा.

लग्न होऊन मी औरंगाबादला आले, आताचं छत्रपती संभाजीनगर. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांचं भजनी मंडळ आमच्याच हॉलमध्ये जमायचं, आणि रोडग्याचं भारूड त्यांच्या खास ठेवणीतलं. मी नवी असताना मला प्रश्न पडायचा, की आता सासूचं कडवं आलं की मी कुठं बघायचं? आत्याबाईंनी तो माझा मीच सोडवावा म्हणून ठेवला नाही. ते कडवं त्या सगळ्यांत मोठ्यानं म्हणायच्या, टाळ माझ्याकडं करून, आणि भुवयांनी मला सांगायच्या, म्हण, म्हण की!

आमचं घर म्हणजे गोंधळाचं घर. पैठणच्या नाथसागरातून पंपानं शहराला पाणी येतं, पण नळाला कधी येईल त्याचा भरवसा नाही. आलं, की भजन असो की पाहुणे, सगळ्यांनी उठून भांडी लावायची. पेटीवाल्या काकूंनी एका हातानं सूर धरून दुसऱ्या हातानं कळशी पुढं सरकवलेली मी पाहिली आहे. त्यातच मुलांच्या शाळेच्या रिक्षा, मामंजींची पथ्यं, नणंदबाईंचे अचानक येणारे फोन, जाऊबाईंशी फ्रिजवरून झालेलं ते वर्षभराचं अबोलेपण. त्या अबोल्यात जाऊबाई आणि मी फक्त भारुडाच्या वेळी शेजारी बसायचो, कारण दोघींचा सूर एका पट्टीतला होता आणि आत्याबाई सुरात तडजोड करत नसत.

जाऊबाईंच्या कडव्याबद्दल मात्र सांगायला हवं. जुन्या पाठात सून देवीला म्हणते, की जावेला बोडकी, म्हणजे विधवा कर. केशवपनाच्या काळातला शब्द आहे तो. आमच्या मंडळातल्या निम्म्या बायकांच्या कपाळावर कुंकू नव्हतं. ते कडवं म्हणावं असं मला कधीच वाटलं नाही, आजही वाटत नाही. आत्याबाईंनी तिथं स्वतःचा शब्द घालून टाकला होता, जावेला गप्प कर, एवढाच. भारूड पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलं आहे. व्यसनमुक्ती, ग्रामस्वच्छता, मुलींचं शिक्षण, सगळं त्यात सामावलं. मराठवाड्यातले निरंजन भाकरे असोत की पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी, ज्यांनी ज्यांनी भारूड जिवंत ठेवलं त्यांनी समोरचे लोक बघून शब्द फिरवले. आमच्या आत्याबाईंनी हॉलपुरते फिरवले.

नवऱ्याच्या कडव्याला मामंजींचं एक काम ठरलेलं असायचं. ते आतल्या खोलीत पेपर वाचत पडलेले असत. नवऱ्याची आहुती देण्याचा विषय निघाला, की आतून आवाज यायचा, "ऐकतोय मी!" बायका हसायच्या, आत्याबाई तेवढा वेळ टाळ थांबवायच्या आणि मग पुढं.

मामंजी गेले. काही महिन्यांनी मंडळ पुन्हा जमलं आणि कुणीतरी रोडगा उचलला. नणंदेच्या पोराचं कडवं झालं आणि सगळ्या बायका, कुणी न सांगता, एकदम शेवटच्या कडव्यावर गेल्या. आत्याबाईंनी टाळ खाली ठेवले.

"मधलं कडवं कुठं गेलं?"

पेटीवाल्या काकू म्हणाल्या, "राहू द्या हो आज."

"राहू द्या कसं? सगळ्यांना घालवायचं आणि त्यांना तेवढं वगळायचं? त्यांना राग येईल."

मग त्यांनी एकटीनं ते कडवं म्हटलं. आवाज मध्येच फुटला, तो सावरून पुन्हा लावला. जिथं आतून हाक यायची तिथं सवयीनं टाळ थांबवले. खोलीच्या दाराकडं बघून आम्हाला म्हणाल्या, "ऐकतायत," आणि पुढचं कडवं धरलं. श्रद्धा म्हणजे काय यावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. त्या एका शब्दात जेवढी मला दिसली तेवढी दुसरीकडं कुठं दिसली नाही.

गेल्या थंडीत आत्याबाईंनी निराळंच काढलं. "इतकी वर्षं देवीला रोडगा कबूल करतोय," त्या म्हणाल्या, "एकदा तरी दिला का? नवस बोलायचा आणि फेडायचा नाही, ही कुठली रीत?" जाऊबाईंनी सांगून पाहिलं, की तो नवस भारुडातल्या सुनेचा, आपला नव्हे. आत्याबाईंना हा मुद्दा अजिबात मान्य झाला नाही. सगळ्यांना शेतावर यायचं फर्मान सुटलं.

रोडगा सोपा वाटतो, पण हात लागतो त्याला. गव्हाचं जाडसर पीठ, ओवा, मीठ, तेलाचं मोहन. कणीक घट्ट मळायची, पोळी लाटून तेलाचा हात फिरवायचा, घडीवर घडी घालून गोळा वळायचा. तिकडं गोवऱ्या पेटवून त्यांचा आर पडू द्यायचा. धूर असेपर्यंत गोळे घालायचे नाहीत, नाहीतर कडू होतात. मग निखाऱ्यावर ठेवून फिरवत राहायचं आणि शेवटी गरम राखेत पुरून टाकायचे. आत्याबाई खाटेवर बसून काठीनं दाखवत होत्या, हा उलटा, तो अजून कच्चा आहे. राखेतून काढलेला रोडगा फडक्यात धरून जाऊबाईंनी झटकला आणि हातानं फोडला, तेव्हा आतून पापुद्र्यापापुद्र्यातून वाफ आली. पहिला बांधावरच्या देवीला. मग पंगत. कुस्करलेला रोडगा, वर तूप, तुरीचं वरण, काटेरी वांग्याची भाजी.

पंगतीला बसले होते कोण, तर सगळी यादी. सासू खाटेवर, जाऊ वाढायला, नणंद पानावर, माझा नवरा पाण्याच्या जगाशेजारी. नणंदबाईंचा मुलगा पुण्याहून आला होता. तिकडं एका सॉफ्टवेअर कंपनीत असतो, आणि हे भारूड लहानपणापासून आपल्यावरच आहे, अशी त्याची समजूत आहे. त्यानं बाह्या वर करून आजीला दोन्ही कोपरं दाखवली. "बघ, इतकी वर्षं म्हणतेस, अजून खरूज नाही."

"रोडगा दिला नव्हता ना," आत्याबाई म्हणाल्या आणि त्याच्या पानावर आणखी तूप ओतलं.

जेवणं झाली. मंडळातल्या दोघीतिघी आल्याच होत्या, टाळ निघाले. पण आत्याबाईंनी हात वर केला. "आज नको. आता नवस फिटलाय. आज म्हटलं तर ती खरंच मनावर घ्यायची."

सगळे हसले, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी खरोखर म्हणू दिलं नाही. भाचा म्हणाला, "म्हणजे पुढच्या वर्षी रोडगे बंद का?" आत्याबाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, पुढच्या वर्षासाठी आजच कबूल करून ठेवू, फक्त यादी नवीन करा, घरातलं कुणी घ्यायचं नाही. एवढं म्हणताच चहूबाजूंनी नावं यायला लागली. जाऊबाईंनी वेळेवर न येणारा टँकरवाला सुचवला, पेटीवाल्या काकूंनी गुडघेदुखी, माझ्या मुलीनं परीक्षेचं वेळापत्रक. भाच्यानं त्याच्या मॅनेजरचं कडवं तिथल्या तिथं रचून चालीत बसवलं, आणि आत्याबाई त्याला म्हणाल्या, मात्रा एक जास्त होतेय, पुन्हा म्हण.