पायाखालची जमीन

जानेवारीत ग्वाल्हेरला दहा वाजून गेले तरी कधीकधी धुकं हलत नाही. परवा लष्कर भागातून जाताना एका मैदानावर पोरांची फुटबॉलची फायनल चाललेली. अलीकडचा गोलकीपर दिसत होता, पलीकडचा नुसता ऐकू येत होता. एका पोरानं घसरणारे बूट काढून भिरकावले आणि दवानं चिंब मातीत अनवाणी धावत सुटला. माझा पाय तिथून निघेना.

थंडीत खेळणारा हातांना जपतो, पण सामना ठरवतात पाय. ३१ डिसेंबर १९६७ला अमेरिकेत ग्रीन बे गावी त्यांच्या फुटबॉलच्या, म्हणजे त्या लांबट चेंडूच्या खेळाच्या, अजिंक्यपदाची लढत झाली. तापमान उणे २५ अंश सेल्सियस. मैदान गोठू नये म्हणून जमिनीखाली विजेच्या तारा पुरलेल्या. नेमकी तीच यंत्रणा बंद पडली. मैदान दगडासारखं झालं. पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटल्या, मग ते ओरडून खेळ थांबवू लागले. बँडची वाद्यं गोठली. तरी प्रेक्षक पन्नास हजार! डॅलसचा संघ १७-१४ असा पुढे, सोळा सेकंद उरलेले, गोलरेषा दोन फुटांवर. ग्रीन बेच्या बार्ट स्टारनं प्रशिक्षक लोंबार्डींना सांगितलं, चेंडू घेऊन धावणारे घसरताहेत, मी स्वतःच घुसतो. घुसला. ग्रीन बे २१-१७नं जिंकलं. त्या विजयाहून मला तो निर्णय प्रिय आहे. कुणाचा पाय कुठे टिकेल, एवढाच त्यात विचार होता.

पायांनी ठरवलेला असाच एक सामना आपलाही आहे. १९३६ला बर्लिन ऑलिंपिकमध्ये पावसानं हॉकीची फायनल एक दिवस पुढे गेली. १५ ऑगस्टला, ओल्या मैदानावर, मध्यंतरापर्यंत भारताचा जेमतेम एक गोल. मग ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट उतरवले. जर्मनी ८-१नं हरली. त्या संघात त्यांचे धाकटे भाऊ रूपसिंहही होते. शिंदे सरकारच्या फौजेतले कॅप्टन, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरचे. १९३२ला अमेरिकेविरुद्ध त्यांनी एकट्यानं दहा गोल केले होते. थोरल्या भावाच्या कीर्तीत ते झाकले गेले, असं माझं ठाम मत आहे.

१६ डिसेंबर १९७७ला ते इथेच वारले. त्यांच्या नावाचं स्टेडियम मुळात हॉकीचं. पुढे तिथे क्रिकेट आलं, सचिननं द्विशतक ठोकलं, त्याचा अभिमान आहेच. पण ग्वाल्हेरकरांनो, दर १६ डिसेंबरला शाळकरी पोरांची एक हॉकीची फायनल भरवा, आणि ढाल रूपसिंहांच्या नावानं द्या.