चेतकची चाकं

जुनी स्कूटर दुरुस्तीला काढली की घरातला प्रत्येक जण आधी रंगाबद्दल बोलतो. आमच्याकडेही तेच झालं. बाबांची बजाज चेतक अकरा वर्षं जिन्याखाली उभी होती. लेकीला ती कॉलेजला न्यायची होती. आई, बहीण, शेजारचे काका, सगळ्यांनी 'निळाच रंग ठेवा हं' असं बजावलं. ब्रेकबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कागदपत्रांचं नूतनीकरण हा वेगळाच अध्याय, तो पुन्हा कधीतरी. मी ठरवलं, आधी चाकं आणि ब्रेक.

चेतकची रिम दोन भागांची असते, नटांनी एकमेकांना जोडलेली. नट काढले की टायर आपोआप सुटतो, ही सोय मोठी. पण टायरमध्ये हवा असताना जोडाचे नट सैल केले तर रिमचा भाग उडून तोंडावर येऊ शकतो. म्हणून आधी वॉल्व्हची पिन काढायची, टायर पार मऊ झालाय ना हे दाबून बघायचं, मगच पाना लावायचा. लेकीकडून हे मी तीनदा म्हणवून घेतलं. वैतागली, पण म्हणाली.

बेळगावच्या पावसाळी दमटपणाने रिमला चांगलाच गंज धरला होता. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवल्यावर तो सुटला. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच पुसून, वाळवून प्रायमर मारावा लागतो. नाहीतर बघता बघता नारिंगी झाक परत येते. एका रिमचा पत्रा जोडाच्या कडेला खाल्ला गेला होता. ती भंगारात टाकली. वरून रंग मारून अशी रिम वापरू नये.

खरा वाद झाला तो मागच्या ब्रेकवरून. ड्रम उघडला तर आत काळी धूळ. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते, आणि ती धूळ फुप्फुसात गेलेली बरी नव्हे. फुंकर नाही, हवेचा पाइप नाही, कोरडा ब्रशही नाही. मास्क लावून साबणाच्या पाण्याने भिजवलेल्या फडक्याने पुसलं आणि फडकी पिशवीत बांधून टाकली.

ब्रेक शू मात्र तेलकट होते. मागच्या ड्रमच्या पाठीमागे रबरी ऑइल सील असतं. ते कडक झालं की गिअरचं तेल ब्रेकमध्ये उतरतं. बाबा म्हणाले, "अगं, एवढं लायनर शिल्लक आहे की! पेट्रोलने धू, पॉलिश पेपर मार, झालं." हयात उद्यमबागेत लेथवर काढलेला माणूस, वस्तू टाकणं त्यांच्या जिवावर येतं. त्यांच्याशी हुज्जत घालण्याऐवजी मी शू तसेच धुतले, घासले आणि वर्तमानपत्रावर उन्हात ठेवले. संध्याकाळी कागदावर तेलाचा डाग होता. लायनर तेल पितं, आणि गरम झालं की ओकतं. ब्रेक गरम होणारच, तेही नेमका उतारावर किंवा टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी, गर्दीत.

बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पिशवीत नवं सील आणि नवे शू घेऊन आले. ड्रमच्या आतून नख फिरवून म्हणाले, "चरे आहेत." मग नातीला घेऊन उद्यमबागेत ओळखीच्या लेथवर गेले. घासाईला लागेल तेवढाच माल काढायचा, जास्त काढला तर ड्रम पातळ होऊन कामातून जातो, हे त्यांनी तिला मशीनसमोर उभं करून दाखवलं. ब्रेकच्या कॅमला बोटाच्या टोकाएवढंच ग्रीस, लायनरला आणि ड्रमच्या आत अजिबात नाही, हेही.

आता मागचं चाक मोकळं फिरतं आणि पाय दाबला की जागच्या जागी थांबतं. पुढच्या ब्रेकची केबल अजून मिळालेली नाही. रंगाची चौकशी चालूच आहे.