चिंचेने धुतलेला सम्राट

१/ माझ्या संग्रहातील एका नाण्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. तो सांगताना माझ्या एका चुकीची कबुलीही द्यावी लागेल. नाणे व्हिएतनामचे, अठराव्या शतकाच्या अखेरीचे. एका प्रदर्शनात दीडशे रुपयांना घेतलेले.

२/ त्याच्या मधोमध चौकोनी भोक आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या डब्यात १९४३ नंतरचा भोकाचा पैसा आपण पाहिला असेल. त्याचे भोक गोल, आणि ते महायुद्धाच्या काळात धातू वाचवण्यासाठी ठेवलेले. व्हिएतनामी नाण्यातील भोकाचे प्रयोजन निराळे होते.

३/ ही नाणी ठोकून पाडत नसत. साच्यात वितळलेला धातू ओतून घडवीत. नंतर कडा घासण्यासाठी ती चौकोनी कांबीवर ओवीत. भोक चौकोनी असल्याने नाणी कांबीभोवती फिरत नसत. पुढे त्याच भोकातून दोरी घालून माळ करीत. ६०० नाण्यांची माळ म्हणजे एक ‘क्वान’.

४/ दर्शनी बाजूस चार चिनी अक्षरे आहेत. आधी वरचे, मग खालचे, मग उजवे, शेवटी डावे, असा वाचनाचा क्रम : क्वांग, त्रुंग, थोंग, बाओ. ‘थोंग बाओ’ म्हणजे चलनातील धन. ‘क्वांग त्रुंग’ हे सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव. त्याचे स्वतःचे नाव न्गुयेन हुए.

५/ ताय सन येथील तीन भावांनी १७७१ मध्ये बंड उभारले. हा त्यांपैकी एक. डिसेंबर १७८८ मध्ये त्याने स्वतःस सम्राट घोषित केले. काही आठवड्यांतच, चांद्र नववर्षाच्या सणात, त्याने थांग लाँगवर (आजचे हनोई) अनपेक्षित चाल करून चीनच्या चिंग सैन्याला पिटाळून लावले. १७९२ मध्ये तो वारला.

६/ १८०२ मध्ये न्गुयेन आन्ह विजयी झाला. आडनाव तेच, घराणे मात्र वैऱ्याचे. ‘जिया लाँग’ या नावाने तो सम्राट झाला. क्वांग त्रुंगची कबर उकरून त्याने अस्थींचा चुरा करविला. नव्या दरबाराच्या लेखी ताय सन ही ‘खोटी’ राजवट ठरली.

७/ कबर उकरता आली. पण माळामाळांतून घरोघरी पोहोचलेली नाणी कोण वेचून काढणार? क्वांग त्रुंगचे नाणे आजही संग्राहकांना सहज आणि स्वस्तात मिळते. त्याची अस्थी उरली नाही, अक्षरे उरली.

८/ आता कबुली. नाणे घरी आणले तेव्हा त्यावर हिरवट-तपकिरी थर होता. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून मी ते चिंच-मिठाने घासले, देवघरातील तांब्या-ताम्हन घासतात तसे. पाच मिनिटांत ते लखलखू लागले. मला त्या वेळी आनंदही झाला.

९/ तो थर म्हणजे केवळ मळ नव्हता. धातूवर दीर्घकाळ होत गेलेल्या रासायनिक बदलांचा तो पुरावा होता. अक्षरांच्या खाचांत घट्ट बसलेला थर खरे नाणे आणि रंग देऊन जुने भासवलेली नक्कल यांत भेद करण्यास मदत करतो. तो पुरावा मी मोरीत ओतला. जिया लाँगने राजवटीला खोटे म्हटले. मी तर नाण्याचे खरेपणच संशयास्पद करून ठेवले. त्याच्या कृत्यामागे निदान वैर होते, माझ्या कृत्यामागे केवळ उतावीळपणा.

१०/ मित्रहो, जुने नाणे हाती आले तर प्रथम वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे नोंदवा. माती सैल असेल तर शुद्ध पाणी पुरे. चिंच, लिंबू, ब्रश काही नको. माझे नाणे आता कागदी पाकिटात आहे. वर लिहिले आहे : ‘क्वांग त्रुंग थोंग बाओ. संग्राहकाने चिंचेने धुतले.’ पुढे ज्याच्या हाती ते जाईल, त्याला एवढे तरी खरे कळावे.