भुलाबाईची यादी

संपादकांचे पत्र आले, की दिवाळी अंकासाठी शरद ऋतूवर काही लिहा; शक्य झाल्यास एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी आश्विनात काय काय चालते, यावर लिहा. पत्र वाचून मला हसू आले. थंड हवेचे ठिकाण म्हटले की आम्हा वऱ्हाडातल्या माणसांपुढे एकटा चिखलदरा उभा राहतो. एकदा शाळेच्या सहलीबरोबर मी तेथे गेले होते. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांवरचे, १८२३ साली हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेस पडलेले ते गाव. परतल्यावर मी मुलींना सहलीवर निबंध लिहायला सांगितला. बहुतेकींनी गाविलगड आणि देवी पॉइंट दोन ओळींत उरकले आणि तिथल्या रबडीवर पानभर लिहिले. मुलींचे काही चुकले असे मला वाटत नाही. चार तासांत गावाचे तेवढेच कळायचे. गावाचा आश्विन पाहायचा तर त्या गावात राहावे लागते, आणि मी राहते यवतमाळला.

तसे पाहिले तर यवतमाळही काही अगदी सपाटीवर नाही. साडेचारशे मीटर उंचीच्या पठारावर आमचे गाव वसले आहे; भोवती टेकड्या आहेत. नावातला 'माळ' मात्र माळरानाचा नव्हे, तो 'महाल'चा अपभ्रंश आहे, असे जुने गॅझेटियर सांगते. अमरावती-अकोल्याचे पाहुणे आले की आम्ही "आमच्याकडे हवा जरा गारच असते" असे म्हणून पांघरूण पुढे करतो. एप्रिल-मे आला की ही बढाई वितळून जाते, तो भाग निराळा. पण आश्विनात पाऊस मागे फिरलेला असतो, दुपारी ऊन चांगले चटके देते, आणि रात्री टेकड्यांवरून वारा सुटला की अंगणात बसलेल्या बायका पदर खांद्याभोवती ओढून घेतात. त्या पंधरा-वीस रात्री कोणीही आम्हाला येऊन पडताळून पाहावे.

याच दिवसांत आमच्याकडे देवी बसते. दुर्गोत्सवात कलकत्त्याच्या खालोखाल यवतमाळ, असे आम्ही पाहुण्यांना सांगतो. कलकत्ता आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. चौकाचौकांत मंडप, कुठे अमक्या देवळाची प्रतिकृती, कुठे तमक्या राजवाड्याची. खेड्यापाड्यांतून लोटलेली माणसे, अनवाणी चालणाऱ्या बायका, बापाच्या खांद्यावर झोपी गेलेली पोरे. माझे बालपण दारव्ह्याचे. तेथून आम्ही शकुंतलेने देवी पाहायला यायचो आणि आत्याकडे मुक्काम टाकायचो. शकुंतला म्हणजे कापसासाठी घातलेली आमची यवतमाळ-मूर्तिजापूर रेल्वे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ सालापर्यंत धावत होते. आता ती गाडीही बंद पडली आहे. तिच्यात बसून मी इतके कोळशाचे कण डोळ्यांत घालून घेतले आहेत, की देवीचे पहिले दर्शन मला नेहमी डोळे चोळतच झाले.

पण मला लिहायचे आहे ते या झगमगाटाविषयी नाही. याच महिन्यात, या रोषणाईच्या पाठीमागे, गल्लीबोळांत आणखी एक उत्सव चालतो. त्याला वर्गणी लागत नाही आणि भोंगाही लागत नाही. तो म्हणजे भुलाबाई. पुण्याकडच्या वाचकांना भोंडला किंवा हादगा ठाऊक असेल. भुलाबाई ही त्याची वऱ्हाडी बहीण. मात्र तिचा मुक्काम जास्त. भाद्रपदी पौर्णिमेला मातीचे भुलोजी-भुलाबाई कोनाड्यात बसतात ते कोजागिरीला उठतात. ही जोडी म्हणजे माहेरी आलेले शंकर-पार्वतीच. रोज संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. नऊ वर्षांच्या पोरी टाळ्या वाजवीत सासूची गाऱ्हाणी गातात आणि त्यांच्या आज्या दारात उभ्या राहून, आपले काहीच नाही अशा चेहऱ्याने ऐकतात. गाणी संपली की खिरापत. घरची मालकीण झाकलेला डबा पुढे करते आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचे. डबा हलवून बघायचा, कान लावायचा, गोड की तिखट ते विचारायचे. ओळखली तर पोरी जिंकल्या, नाही ओळखली तर घर जिंकले. खायला मात्र दोन्ही पक्षांना सारखेच.

गावाच्या कडेच्या आमच्या वस्तीत हा खेळ जवळजवळ बंद पडला होता. आयांना वेळ नाही, पोरींना गाणी येत नाहीत. तेव्हा मीच शाळेतल्या चौदा मुली गोळा केल्या आणि गाणी शिकवली. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाही, पण भुलाबाईच्या बाबतीत मी कोणत्याही पंडिताला हार जाणार नाही! कोणाच्या घरी कोणत्या दिवशी जायचे याची यादी करून मी वर्गाच्या भिंतीवर लावली. यादी लावली की आयांना तयारीला सवड मिळते, आणि एका घरावर दोनदा भार पडत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी चैत्रात माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील गेले. टेकडीच्या कडेला पाच एकरांचे कोरडवाहू शेत, सगळी कपाशी. २००६ साली विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी पॅकेज जाहीर केले, त्यांत आमचा जिल्हा होता. कशासाठी होता हे वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा ते कसे गेले हे मी वेगळे लिहीत नाही. मुलगी चौथीत, तिच्या पाठचा भाऊ चार वर्षांचा. आई दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जायची, आणि उरल्या वेळात स्वतःचे शेत बघायची.

भाद्रपदात मी नेहमीप्रमाणे यादी लिहायला बसले. तिचे नाव सातवे आले. लिहिले, आणि हात थांबला. त्या घरात वर्षश्राद्ध व्हायचे आहे; सणवार नाही, गोडधोड नाही. चौदा पोरींना घेऊन मी त्या बाईच्या दारात उभी राहिले तर तिने काय करावे? कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. घडायच्या आधीच त्याला प्रसंग दिसू लागतो. रिकामा डबा, डोळ्याला लावलेला पदर, कोपऱ्यात तोंड लपवणारी मुलगी, सगळे मला तेथे बसल्या बसल्या दिसले. मी ते नाव खोडले आणि खाली पुढचे लिहिले. मोठे समजूतदारपणाचे काम केले, असेही मला वाटले. ते इथे कबूल केलेले बरे.

मुलगी रोज संध्याकाळी आमच्याबरोबर यायची. गाणी सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणायची. देवी बसली, देवी उठली, दसरा झाला. दसऱ्यानंतर शाळा उघडली त्या दिवशी, मधल्या सुटीत, ती माझ्या टेबलाशी आली.

"बाई, माह्या घरी कवा येता जी?"

मी म्हटले, "अगं, तुझं नाव यादीत राहूनच गेलं बघ."

ती भिंतीपाशी गेली. टाचा उंचावून तिने यादीवर बोट ठेवले.

"राह्यलं नाई बाई. खोडलं हाय."

रागाने नाही. शुद्धलेखनाची चूक दाखवावी तसे. वाचायला मीच तिला शिकवले होते. महिनाभर रोज येता-जाता तिने ती रेघ पाहिली असणार, आणि रोज संध्याकाळी आमच्याबरोबर दुसऱ्यांच्या घरी येऊन गाणी म्हटली असणार. त्या दिवशी मधल्या सुटीत माझा डबा तसाच राहिला.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. बाई नुकतीच शेतातून आली होती. कपाशीचा पहिला वेचा जवळ आला होता. सीतादही कधी करायचे याचे शेजारणीशी बोलणे चालले होते. मी कशीबशी सुरुवात केली, की यंदा तुमच्याकडे असे झाले, म्हणून मला वाटले... तिने मला ते वाक्य पुरे करू दिले नाही.

"पोरी किती येतीन?"

"चौदा."

"अन् तुमी?"

"मला धरून पंधरा."

"मंग उद्याच या," ती म्हणाली, आणि शेजारणीकडे वळली. माझ्या कल्पनेतल्या प्रसंगातले एकही वाक्य त्या बाईला येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. अंगण सारवलेले होते. कोनाड्यात भुलोजी-भुलाबाई नव्हते, सुतकाच्या वर्षी ते बसवले नव्हते. म्हणून शेजारच्या घरचे उचलून आणून पाटावर ठेवले. गाणी झाली. मुलगी आज गाणाऱ्यांत नव्हती, ती घरच्या बाजूला, आईशेजारी उभी होती, हातात झाकलेला डबा घेऊन. खिरापतीची वेळ आली. पोरींनी डबा हलवला. आत काहीतरी एकच, जड, धप् करून या टोकाचे त्या टोकाला गेले.

"गोड का तिखट?"

"गोड."

"लाडू?" नाही. "गुळाचा खडा?" नाही. "नारळ?" नाही. शिरा, साखरभात, पेढा, बर्फी, सगळे झाले. एका पोरीने तर पुरणपोळीची घडी सांगितली. मीही मनात दोन-तीन पदार्थ घेतले, तेही चुकीचेच होते. शेवटी पोरींनी हात टेकले. मुलीने झाकण काढले. आत एक सीताफळ होते.

पोरींनी एकच गिल्ला केला. खिरापत म्हणजे शिजवलेले, तळलेले, निदान भाजलेले तरी. फळ कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. आईने आतून टोपली आणली आणि वरचे फडके काढले. शेताच्या बांधावरची चौदा सीताफळे, डोळे उघडलेली, हात लावला तर फुटतील अशी पिकलेली.

"वर्स नाई झालं बाई, म्हून कढई नाई ठेवली," ती मला म्हणाली. "पर फळाले काय सुतक?"

डब्यातले एक आणि टोपलीतली चौदा, मी मनाशी बेरीज केली. मग मी विचारले, एका दिवसात एवढी कशी पिकली? ती म्हणाली, अढी दसऱ्याच्या आधीच लावून ठेवली होती. पोरगी सांगत होती, आपली पाळी यायची आहे.

मला तेव्हा काही बोलणे सुचले नाही, आणि सुदैवाने कोणी माझ्याकडे पाहतही नव्हते. पोरी अंगणात गोल बसून सीताफळे खात होत्या. कोणाच्या फळात जास्त बिया निघतात याची पैज लागली होती. घरची मुलगी, आपण जिंकलो म्हणून, सगळ्यांना मोजून दाखवीत होती. तिच्या लहानग्या भावाने तो रिकामा डबा पळवला आणि पोरींनी थुंकलेल्या काळ्या बिया एकेक वेचून त्यात टाकायला सुरुवात केली.

त्या दिवशी यादीत आणखी एक घर होते. आम्ही उठलो, चपला शोधल्या, निघालो. चांदणे चांगले पडले होते. कोजागिरी दोनच दिवसांवर होती. वाटेत मागून खडखड आवाज येऊ लागला. वळून पाहिले तर तो पोरगा डबा छातीशी धरून आमच्यामागे धावत येत होता, आणि पोरींना ओरडून सांगत होता, वळखा, आत काय हाय ते वळखा.