हात लाव

पुठ्ठ्याच्या खोक्यावरची तपकिरी चिकटपट्टी ओढून काढताना जो आवाज होतो, कापड टर्रकन फाटावं तसा, पण कापडापेक्षा रूक्ष आणि शेवटाला किंचित किंचाळणारा, तो ऐकला की माझे हात अजूनही कोपरापासून जड होतात. घरात कुणाचं तरी काहीतरी आलेलं असतं. कुकर, मुलीचे बूट, कधी पुस्तकं. आत काय आहे याकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि मी मात्र रिकामं खोकं मांडीवर घेऊन त्याचा चेमटलेला कोपरा चाचपत बसतो. असा कोपरा खोकं पडल्यामुळेच चेमटतो असं नाही, वरच्या थरातला जड माल त्याच्यावर बसल्यामुळेही चेमटतो. रात्री साडेतीन-चारच्या सुमारास कुणीतरी, डोळ्यांत झोप मावत नसताना, हलक्यावर जड ठेवलेलं असतं. मला त्याचा राग येत नाही. काही महिने तो ‘कुणीतरी’ मी होतो.

भिवंडीची गोदामं महामार्गावरून जाताना दिसतात खरी, पण ती गाव म्हणून डोळ्यांत भरत नाहीत. निळ्या-करड्या पत्र्यांची एक न संपणारी रांग तेवढी लक्षात राहते. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवायचा, लागेल तसा शहरात न्यायचा, या जुन्या व्यापारी हिशेबातून मानकोली, काल्हेर, राहनाळ, वळ अशा गावांच्या भातखाचरांत ती उगवत गेली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं गेली नाहीत. उलट आणखी मोठी झाली. कारण एव्हाना देशाला घरबसल्या वस्तू मागवायची सवय लागली होती आणि त्या वस्तूंना मध्यरात्री कुठेतरी मुक्कामाला उतरणं भाग होतं. पदवीचा निकाल लागून चार महिने झाले होते, हाती काही नव्हतं, तेव्हा ओळखीच्या एकानं तिथल्या एका पार्सल-गोदामात कंत्राटदाराच्या यादीत माझं नाव घातलं. पद होतं लोडर. कागदावर ते इंग्रजीतून बरं दिसे. घरी सांगताना मी ‘लॉजिस्टिक्समध्ये’ म्हणालो. आई बिचारी ते शेजारणींना सांगताना दर वेळी नव्यानं अडखळायची.

काम समजायला एक रात्र पुरली. पट्ट्यावरून पेट्या येतात, आपण बत्तीस फुटी कंटेनरच्या पोटात उभं राहायचं, पेटी उचलायची, स्कॅनरची ‘पीं’ ऐकायची आणि आतल्या टोकापासून भिंत रचत बाहेर यायचं. जो माल शेवटी उतरायचा तो आधी भरायचा. जड खाली, हलकं वर, आणि गवंडी विटा लावतो तसं, सांध्यावर सांधा येऊ न देता. वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही, हे भिंतीवर चित्रानिशी चिकटवलेलं होतं; पण घाईनं धावत सुटलेल्या माणसाला गुडघे असतात हे दुसऱ्या तासानंतर आठवत नाही. पावसाळा ओसरत आलेला, पत्र्याच्या आतली हवा ओल्या गोणपाटासारखी अंगाला चिकटायची. पुठ्ठा हाताचं तेल पिऊन घेतो, हे मला तिथे कळलं. आठवडाभरात बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आणि सकाळी जेवताना भाजीचं तिखट त्यांत शिरू लागलं. आई कोकमाचं तेल कोमट करून लावायची आणि काही विचारायची नाही.

पण त्रास भाराचा नव्हता, हे सांगितलं तर पटेल का, कोण जाणे. वजनं तशी फार नसत. पाच, आठ, बारा किलो. त्रास होता तो पट्टा थांबत नाही याचा. शेतातलं काम कितीही मोठं असलं तरी त्याला बांध असतो; इथे रचलेली भिंत पुरी झाली की कंटेनरचं दार लागे, ती भिंत कायमची दिसेनाशी होई आणि त्याच जागी दुसरा रिकामा कंटेनर पाठ करून येऊन उभा राही. वर एका पडद्यावर आमचे आकडे लाल-हिरवे होत. माझा आकडा बहुधा लालच. सकाळी घरी येऊन डोळे मिटले की पापण्यांच्या आतही पट्टा चालू असे.

मग मी पत्ते वाचू लागलो. कामात रमण्याची ही काही थोर युक्ती नव्हे. बुडणारा हाताला लागेल ते धरतो, तसं मी अक्षरं धरली. ‘मारुती मंदिरामागे, पिंपळाच्या पारासमोर’, ‘जुन्या दूध डेअरीच्या वर’, ‘फोन करा, मी घ्यायला येतो’. यंत्राला या मजकुराशी कर्तव्य नव्हतं, त्याला ठिपके-रेघांचा शिक्का पुरे. मला मात्र त्या पारावरची थंड सावली खोक्याबरोबर दोन सेकंद हातात आल्यासारखी वाटे. त्याखाली पिनकोड. पहिला अंक प्रांतांच्या विभागाचा, आपल्याकडे चार. तिसऱ्या अंकापर्यंत टपाल वेगळं करण्याचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक नेमक्या पोस्ट ऑफिसचे. १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेली ही व्यवस्था श्रीराम भिकाजी वेलणकरांची. हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी कोकणातले आणि संस्कृतात कविता करणारे. सुलट वाचलं तर रामाचं आणि उलट वाचलं तर कृष्णाचं, असं विलोमकाव्य त्यांनी रचलं होतं. हे मी पुढे कधीतरी वाचलं आणि मला त्या रात्री आठवल्या. अक्षरांना दोन्ही बाजूंनी अर्थ देणाऱ्या माणसानंच अवघ्या देशाला सहा आकड्यांत बसवावं, यात काहीतरी गंमत आहे खास. ४१५ने सुरू होणारा पिनकोड आला की माझा हात क्षणभर हळू व्हायचा. ते आमचं, साताऱ्याकडचं. ती पेटी मी जरा निगुतीनं ठेवत असे, गावी जाणाऱ्या माणसाला खिडकीजवळची जागा धरून द्यावी तशी.

आमचे आजोबा, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणे, ते जावळीच्या डोंगरातून मुंबईला आले आणि दाणाबंदरात हयातभर पोती वाहिली. हमाल हा शब्द अरबीतून आला, त्याच्या मुळाशी ओझंच आहे. पण तात्या स्वतःला हमाल म्हणवत नसत, ते म्हणत, मी माथाडी. त्या नावात माथा होता. १९६९मध्ये अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून माथाडी कायदा झाला, मंडळं आली, हजेरी आली, फंड आला; पोस्टातून पत्र आल्यासारखी तात्या ही गोष्ट सांगत, प्रत्येक शब्द जपून. त्या काळचं पोतं क्विंटलचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७मध्ये शिफारस केली होती की एका पुरुषानं वाहायचं ओझं ५५ किलोंच्या वर असेल तर ते लवकरात लवकर तितक्यावर आणावं. ती शिफारस दाणाबंदरच्या गल्लीत पोचायला तिला बहुधा कुणी हमाल मिळाला नसावा. तात्यांची मान उतारवयात एकाच बाजूला वळे. या श्रमांचं मला मुळीच कौतुक सांगायचं नाही. त्यांचे गुडघे उतरत्या जिन्यावर कसे वाजत, ते मी ऐकलेलं आहे.

गोदामात लागल्याचं त्यांना खरंखरं सांगितलं, ते फोनवर. तेव्हा ते गावीच असत. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं,

“हात कोन लावतंय रं तुला?”

मी म्हटलं, “कुणी नाही तात्या. पेट्या हलक्या असतात. एकट्यालाच उचलता येतात.”

“मंग लई दमत असशील,” तात्या म्हणाले.

मला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही. हलक्या म्हणतोय मी, हलक्या. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य माझ्यामागे आलं ते आलंच. क्विंटलचं पोतं कुणालाही स्वतःच्या स्वतः उचलता येत नाही. दोघं आकडे लावून ते वर करतात, तिसरा डोक्यावरची चुंबळ नीट करत खाली शिरतो, कुणीतरी ‘हां’ म्हणतं आणि मग ते बसतं. पुढच्या खेपेला घेणारा लावणारा होतो. दिवसातून किती वेळा असं कुणाच्या तरी हातांनी आपल्याकडे ओझं येत असेल आणि किती वेळा आपण ते दुसऱ्याला देत असू! टोळीची मजुरी टोळीत वाटली जाई, शिव्याही वाटल्या जात. ओझं इतकं अमानुष होतं, की त्याला माणसं लागतच. माझी पेटी माणसाला झेपेल अशी होती, सुधारलेली होती, आणि म्हणूनच तिला दुसऱ्या कुणाची गरज उरली नव्हती. चाळीस जण एका छपराखाली रात्रभर उचलत होतो, पण कुणी कुणाला ‘हात लाव’ म्हणत नव्हता.

दक्षिणेत, तमिळ मुलखात, जुन्या वाटांच्या कडेला दोन उभ्या दगडांवर एक आडवा दगड टाकलेला दिसतो. त्याला सुमैतांगी म्हणतात; ओझं धरणारा. माणसाच्या खांद्याला लागेल इतकी त्याची उंची. एकट्या वाटसरूनं डोईवरचं ओझं त्यावर सरकवायचं, दम खायचा, आणि कुणाला हाक न मारता पुन्हा डोईवर घ्यायचं. गरोदरपणी दगावलेल्या बायकांच्या स्मरणार्थ असे दगड उभारायची तिथे चाल होती. जिचं ओझं उतरलंच नाही, तिच्या नावानं दुसऱ्यांची ओझी उतरावीत, असं ज्यानं पहिल्यांदा मनात आणलं असेल, तो कोण असेल? एकट्या माणसाला हात लावायला निदान दगड तरी हवा, हे त्याला कळलेलं होतं. आमच्या गोदामात टेकायला मनाई होती. कॅमेरा होता.

माझ्या पट्ट्यावर एक चाचा होते. जौनपूरकडचे, पण भिवंडीत तीस वर्षं काढलेले; यंत्रमाग चालवायचे, मालकानं माग भंगारात काढल्यावर इकडे आले. मागांच्या खडखडाटानं एक कान गेलेला, त्यामुळे पट्ट्याच्या आवाजाचा त्यांना ताप नव्हता आणि सुपरवायझरच्याही नाही. तो ओरडू लागला की चाचा हळूच बहिरी बाजू त्याच्याकडे करत. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. सगळ्यांत वाईट. एका रात्री तीननंतर माझे हात उचलायचंच विसरले. दुखत नव्हते, नुसते विसरले. पेटी समोर आलेली, मागच्या पेट्या तिच्यावर चढताहेत, मी बघतोय. चाचा आपली जागा सोडून आले आणि भल्या मोठ्या खोक्याचं एक टोक धरून म्हणाले, “उधर से पकड़।”

मी म्हणालो, “चाचा, अकेले हो जाएगा।”

“मालूम है। पकड़।”

आम्ही दोघांनी ते उचललं. उचलताना कळलं, आत उशा होत्या. एका हातानं फेकावं इतकं ते हलकं होतं. तरीही आम्ही ते पोत्यासारखं, पावलाला पाऊल जुळवत, कंटेनरच्या पार आतल्या टोकापर्यंत नेलं. एका पेटीला दोन माणसं कशाला, असं सुपरवायझरनं बाहेरून विचारलं. चाचांनी घाम पुसल्यासारखं केलं आणि अतिशय गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, “भारी है साहब।”

मला हसू आलं. त्या गोदामातलं पहिलं. ते थांबेना आणि मग त्याचं रडू झालं की काय ते कंटेनरच्या अंधारात मलाही नीटसं कळलं नाही.

त्यानंतर रात्रीतून एखादी पेटी आम्ही दोघं उचलायचो. एवढंच. पट्टा तसाच चालू राहिला, पडदा लालच राहिला. जानेवारीत मला ठाण्यात कारकुनी मिळाली आणि मी आलो तसा निघून आलो. चाचांना धड सांगितलंही नाही, त्या दिवशी त्यांची पाळी वेगळी होती. नंतर एकदा बसमधून त्या बाजूनं जाताना पत्र्यांच्या रांगेत माझं गोदाम ओळखू येतंय का पाहिलं. नाही आलं.

तात्यांची चुंबळ आजीनं टाकली नाही. जुन्या धोतराचा पीळ, त्यावर काथ्या, त्यावर पुन्हा चिंध्या. डोक्याच्या आकाराचा खळगा अजून तिच्यात आहे. आता ती आमच्या स्वयंपाकघरात माठाखाली असते. माठाचं बूड गोल, नुसता ठेवला तर कलंडतो. उन्हाळ्यात त्याचं पाणी पाझरून चुंबळ सारखी ओलसर राहते, आणि पहाटे पाणी प्यायला उठलं की तिथे मातीचा आणि जुन्या कापडाचा एक मिसळलेला गार वास येतो. दर आठवड्याला ती काढून उन्हात टाकावी लागते, नाहीतर बुरसते. माठ अर्धा रिकामा असला तर मला एकट्यालाही उचलता येईल. तरी मी बायकोला हाक मारतो. ती पोळ्यांच्या घाईत असते, पिठाचे हात झटकत येते आणि म्हणते, “अहो, एवढंसं तर आहे.”

मी म्हणतो, “माहितीये. हात लाव.”