ताटातलं माहेर

भाद्रपदात गौरी आल्या की कात्रजमधल्या एखाद्या जुन्या सोसायटीचा जिना सावकाश चढत जावं. पहिल्या मजल्यावर हरभऱ्याची डाळ शिजत असते, दुसऱ्यावर शेपूला फोडणी पडलेली असते, तिसऱ्यावर कुणी नारळ खवत बसलेलं असतं. दारं उघडी असतात, उंबऱ्यापासून आत हळदी-कुंकवाची पावलं काढलेली असतात. देवी एकच, महिना एकच, पण प्रत्येक दारामागचा नैवेद्य वेगळा.

कात्रज हे मुळात वाटेवरचं गाव. साताऱ्याकडून घाट उतरला की आधी कात्रज, मग पुणं. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास इथं तलाव बांधला आणि जमिनीखालच्या दगडी नळातून त्याचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत, पेठांमधल्या हौदांपर्यंत नेलं. पुढं या वाटेनं माणसं येत राहिली. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या माणसाला कात्रज सोयीचं, कारण गावाकडची एसटी चौकातच मिळते. शिकायला, नोकरीला, धंद्याला आलेल्यांनी आधी खोली भाड्यानं घेतली, मग फ्लॅट घेतला, मग आई-वडिलांना आणलं. मराठवाड्यातले, सोलापूरचे, खानदेशातले, कोकणातले लोकही आले. संतोषनगर, सुखसागरनगर, आंबेगाव या वस्त्या अशाच भरत गेल्या. येताना माणसांनी भांडी आणली, देव्हारा आणला आणि सणाचा स्वयंपाकही आणला.

गौरींचे दिवस तीन. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पुजल्या जातात, मूळ नक्षत्रावर निघतात. पहिल्या दिवशी प्रवासानं दमून आलेल्या लेकीला द्यावी तशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा थाट, तिसऱ्या दिवशी निरोप. हा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखा आहे, तपशील मात्र जिल्ह्यागणिक बदलतो. मराठवाडा-विदर्भात त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. तिथं मुखवटे बसवून उंची साड्या नेसवलेल्या ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहतात, वर करंज्या-साटोऱ्यांचा फुलोरा टांगतात, पानात सोळा भाज्या आणि ज्वारीची आंबील असावीच लागते. कोल्हापूर-साताऱ्याकडे मुली पाणवठ्यावरून गौर आणतात, शेपूची भाजी आणि भाकरी तिच्या पुढ्यात ठेवतात. कोकणात तेरड्याची गौर येते. तिला कुठं घावन-घाटलं लागतं, तर कुठं तिखटाचा, म्हणजे मटण-वड्यांचा नैवेद्य चालतो. ज्या मातीत जे पिकतं, ज्या घराला जे परवडतं, ते देवीला चालतं. नारळ असेल तिथं नारळ, ज्वारी असेल तिथं ज्वारी. आपल्या लोकांनी देवीला कधी परक्या गावचं जेवण मागायला लावलं नाही.

माझं माहेर कराडकडचं, सासर लातूर जिल्ह्यातलं, संसार कात्रजला. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्या मला अजून लख्ख आठवतात. सासूबाईंनी आदल्या रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवून ठेवलं होतं. सकाळी ते आंबूस वासाचं पीठ मंद आचेवर ढवळत, त्यात जिरं, आलं, खोबऱ्याचे काप घालत त्यांनी आंबील केली. मी आयुष्यात पहिल्यांदा ती चाखली आणि तिच्या प्रेमात पडले. पुरण इतकं घोटलेलं, की उलथनं मधोमध उभं राहावं. सोळा भाज्यांचं एकत्र कालवण, कढी, पंचामृत, कुरडया, भजी. त्या घरानं पिढ्यान् पिढ्या सांभाळलेलं सगळं ज्ञान त्या एका पानात होतं. पूजा झाली, पुरणाच्या दिव्यांनी ओवाळलं, पंगत बसली. ते ताट भरगच्च होतं, सुंदर होतं. माझ्या आईच्या घरचं मात्र त्यात काहीही नव्हतं.

ही तक्रार नाही, तशीच रीत आहे. सणाचा नैवेद्य म्हणजे कुळाचार आणि कुळ नवऱ्याचं. म्हणून लग्न होऊन आलेली मुलगी सासरचा स्वयंपाक शिकते, पुढं तोच सुनेला शिकवते. तिच्या आईकडचा पदार्थ झालाच तर एरवी होतो, रविवारी होतो, पाहुणे आले तर होतो, पण देवापुढं येत नाही. दोन पिढ्या गेल्या की तो एरवीही होत नाही. आपल्याकडं विस्मरणात गेलेल्या पदार्थांबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. ते पदार्थ हरवतात तरी कसे, याचं एक साधं उत्तर इथं आहे. दर लग्नागणिक एका घराची अर्धी पाककला उंबऱ्याबाहेर राहते. आणि हे घडतं कुठल्या सणाला, तर जो सणच मुळी माहेरवाशिणीचा आहे त्याला! गौर माहेरी येते म्हणून आपण एवढा थाट करतो आणि तो थाट जी मांडते तिच्या माहेराला त्या ताटात जागा नसते.

आमच्या घरात ही जागा सासूबाईंनी करून दिली. तिसऱ्या दिवशीची तयारी चालली होती. फुलोऱ्यासाठी करंज्या करून उरलेलं सारण आणि पारी समोर होती. "तुमच्याकडं निरोपाला काय करतात गं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडं मुरडीचा कानवला करतात. कड हातानं मुरडून घालायची, दहीभाताच्या शिदोरीबरोबर तो गौरीला द्यायचा, म्हणजे जाणारी लेक मुरडून परत येते. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग पारी माझ्याकडं सरकवत म्हणाल्या, "मग कर की. तिला परत यायचंच हाय." त्या वर्षीपासून लातूरकडच्या फुलोऱ्याच्या करंज्या आणि कराडकडचा कानवला एकाच परातीत होतात. पुढं पहिल्या दिवशीच्या मेथीच्या भाजीशेजारी शेपूही आली. कुळाचारातलं काही वजा झालं नाही. आंबील आहे, सोळा भाज्या आहेत, फुलोरा आहे. फक्त पान थोडं मोठं झालं.

सरमिसळ म्हटलं की लोकांना भीती वाटते, की सगळ्याचा काला होईल आणि कशालाच स्वतःची चव उरणार नाही. माझा अनुभव तसा नाही. आमच्या जिन्यात चिपळूणकडचं एक कुटुंब आहे. त्यांच्या गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, आमच्याकडं त्या दिवसांत कांदा-लसूणही नसतो. तिथल्या वहिनी तिखट त्यांच्या घरी ठेवतात आणि आमच्याकडं झाकून पाठवतात ते घावन-घाटलं. आमच्याकडून आंबील जाते. वरच्या मजल्यावरच्या अक्कलकोटच्या काकू हुग्गी पाठवतात, गव्हाची खीर, आणि सोबत शेंगापोळी. रिकामं भांडं परत द्यायचं नाही हा नियम सगळ्यांचा सारखाच, त्यामुळं तीन दिवस ताटल्या जिन्यात फिरत राहतात. कुणाचं काय चालतं, काय चालत नाही, हे प्रत्येकीला ठाऊक असतं आणि ते पाळलं जातं. खीर कुठल्याही जिल्ह्याची असो, तिच्यातलं दूध मात्र बहुतेक घरांत कात्रज डेअरीचंच असतं. एकत्र राहायला एवढी समज पुरते. सगळ्यांचं एकाच पातेल्यात शिजावं असा आग्रह नसावा आणि दुसऱ्याच्या पातेल्याकडं नाक मुरडूनही बघू नये.

महाराष्ट्राला हे नवं नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली समाजाचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. रायगड भागात पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे हे ज्यू लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांनी आपला धर्म सोडला नाही आणि मराठीही परकी मानली नाही. त्यांच्या सणांची नावं ऐकावीत. होळीच्या सुमारास येणारा पुरीम त्यांच्याकडं होळीचा सण झाला. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस आठवून करायच्या उपासाचा दिवस बिरड्याचा सण झाला, कारण त्या उपासाच्या निमित्तानं मोडाच्या वालांचं बिरडं खायचं. एक खिरीचा सणही आहे. संदेष्टा एलियाच्या नावानं करायचा मलिदा त्यांनी पोहे, गूळ आणि ओल्या नारळाचा केला. प्रार्थना हिब्रू, नैवेद्य कोकणचा. १९४८ नंतर यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले, तरी मराठी विसरले नाहीत, तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी काढलं आणि मलिद्याचं ताट तिथंही मांडलं. श्रद्धा टिकवायला शेजाऱ्याचा नारळ आड येत नाही, याचा याहून मोठा पुरावा कशाला हवा?

घरापासून लांब गेलेल्या माणसाला आपला स्वयंपाक लिहून ठेवावासा वाटतो, हेही जुनंच आहे. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त हे महाराष्ट्रीय पंडित तंजावरच्या मराठा दरबाराच्या आश्रयाला गेले आणि तिथं त्यांनी अन्नावर 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. आपल्या काळात १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं. त्यांनी वाटी-चमच्यांचं माप दिलं आणि आईपासून, सासूपासून लांब, शहरातल्या दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या मुलींना हात दिला. 'अंदाजानं घाल' हे वाक्य शेजारी उभं राहून शिकणाऱ्या मुलीला पुरतं, फोनवर विचारणाऱ्या मुलीला पुरत नाही. म्हणून मी सासूबाईंकडून आंबिलीचं माप वाटीनं मोजून लिहून घेतलं आणि आईकडून कानवल्याचं. ज्या वहीत एक आहे, त्याच वहीत दुसरं आहे.

पण वही पुरेशी नाही. काही गोष्टींना जागा लागते, वेळ लागतो, हात लागतात. खानदेशातले खापरावरचे मांडे घ्या. हातावर फिरवत मोठी केलेली पोळी पालथ्या खापरावर टाकायची, खाली चुलीचा भडका हवा. फ्लॅटमधल्या गॅसच्या शेगडीवर ते जमत नाही. अशी माघार समजू शकते. टाळता येण्यासारखी माघार वेगळी आहे, ती दमलेल्या बाईची. सोळा भाज्या निवडायच्या, पुरण घोटायचं, साड्या नेसवायच्या, सवाष्णींना वाढायचं, वर नोकरी सांभाळायची आणि हे सगळं एकटीनं. अशा घरात पुढची सून हात जोडून म्हणते, माझ्यानं होणार नाही, आणि परंपरा तिथं संपते. तो तिचा दोष नाही. आमच्याकडं पुरण घोटण्याचं काम आता नवऱ्याकडं आहे, कारण त्याला मनगटात जोर लागतो. भाज्या मुलगा निवडतो. पोळ्या काही वर्षी आम्ही ओळखीच्या मावशींकडून करून घेतो. त्यांच्या हाताला दाम मिळतो आणि आमच्या पाठीला आराम. देवी कधी रुसलेली नाही. निदान एक पदार्थ तरी सगळ्या घरानं मिळून करायचा, एवढं मात्र आम्ही ठरवून पाळतो.

परंपरेला हातही लावायचा नाही म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन, की तुमच्या घरातल्या नैवेद्यात जे आहे ते कुणी आणलं? कधी काळी कुठल्याशा पणजीनं, कुठल्याशा गावाहून येताना आणलेलंच ते असणार. तिचं नाव आपल्याला ठाऊक नाही, पण तिचा पदार्थ आपण कुळाचार म्हणून हात जोडून वाढतो. मग आज घरात आलेल्या मुलीच्या हातचं उद्याच्या कुळाचारात का नसावं? ती नागपूरची असेल, बेळगावची असेल, केरळची किंवा बंगालची असेल. परंपरा जपायची म्हणजे त्या पणजीला जी मुभा मिळाली तीच आजच्या सुनेला द्यायची, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा यंदा गौरींच्या स्वयंपाकाची यादी करायला बसाल, तेव्हा घरातल्या सुनेला एक प्रश्न जरूर विचारा, की तुमच्याकडं या दिवशी काय करतात? जावयालाही विचारा. विचारून थांबू नका. तो पदार्थ त्यांच्याकडून शिकून घ्या, त्यांच्याबरोबर उभं राहून करा, माप लिहून ठेवा आणि पहिल्या वाढीला नैवेद्याच्या पानात वाढा.