भिंतीला विचारलं का?

सेकंड इयरला एसओएमच्या ओरलमध्ये एक्स्टर्नलनी मला कॅन्टिलिव्हर बीम विचारला आणि मी तो धडाधडा सांगितला. बाहेर आल्यावर रूमपार्टनरला म्हटलं, "यार, आता झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन." पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी एक खराखुरा कॅन्टिलिव्हर भिंतीला लावला. आठव्या दिवशी तो खाली आला. त्याचीच ही गोष्ट.

आमचं घर लेण्याद्रीजवळच्या एका वस्तीवर. अंगणातून डोंगराच्या कड्यात ओळीनं कोरलेली लेणी दिसतात. घरात सुतारकाम पिढीजात. आजोबा बाभळीचे नांगर आणि बैलगाडीची चाकं करायचे. ट्रॅक्टर आले, नांगर गेले. आप्पा आता दारं, चौकटी आणि देव्हारे करतात. पडवी बंद करून तिथंच वर्कशॉप केलंय. एक रंधा मशीन, एक गोल करवत. मशीन सुरू झालं की पडवीत धुकं पडतं. आई म्हणते, आमच्या घरात चहावर सायीऐवजी भुसाच येतो!

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. आप्पांचा खोकला दरवर्षी वाढत होता. एका सेमिनारसाठी वाचताना मला कळलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. धोका मुख्यतः नाकाच्या पोकळीला. आणि जो भुसा आपण झाडून काढतो त्यापेक्षा जो डोळ्याला दिसत नाही, हवेत तासन्‌तास तरंगतो, तो छातीत खोल जातो. त्या रात्री मेसमध्ये जेवण गेलं नाही.

मग पैसे जमवून एक एचपीचा जुना डस्ट कलेक्टर मिळवला. मोटर, पंखा, खाली कापडी पिशवी. वजन २८ किलो. पडवीत जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही, तेव्हा भिंतीवर लावायचं ठरलं. मी कागद-पेन घेऊन बसलो. गुरुत्वमध्य भिंतीपासून ३० सेंमी, ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर २० सेंमी. २८ गुणिले ३० भागिले २०, म्हणजे वरच्या दोन बोल्टवर मिळून ४२ किलोची ओढ. पिशवीत १० किलो भुसा भरला तर ५७. अँकर फास्टनरच्या कॅटलॉगमधला आकडा याच्या कितीतरी पट होता. आप्पांना म्हटलं, "हत्ती टांगला तरी पडणार नाही!"

कॅटलॉगमधल्या त्या आकड्याशेजारी एक शब्द छापलेला होता. काँक्रीट. तो मी वाचला, पण मनावर घेतला नाही.

आमची भिंत दगड-मातीची, दोन हात जाड. ड्रिल मारताना चारपैकी दोन भोकांतून दगडाची काळी पूड आली. दोन भोकांतून पांढरी माती आली. नट आवळताना वरचा एक फास्टनर भोकातच फिरत होता. मी अजून जोर लावला, शेवटी बसला. मला वाटलं, जिंकलो!

मशीन सुरू झालं. आठ दिवस पडवीत धुकं नव्हतं. आईनं शेजारणीला बोलावून दाखवलं. मी होस्टेलला परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिकलच्या आधी आप्पांचा फोन. "मशीन पडलं. काय नाय झालं. तू अभ्यास कर."

'काय नाय' म्हणजे काय ते शनिवारी घरी गेल्यावर कळलं. आप्पा ज्या स्टुलावर बसून करवतीला धार लावतात, त्याचे दोन पाय मोडून ते कोपऱ्यात पडलं होतं. मशीन बरोबर त्याच्यावर आलं होतं. आप्पा चहा घ्यायला आत गेले होते. आई माझ्याशी दिवसभर बोलली नाही. आप्पा एकच वाक्य बोलले, "ते यंत्र परत नको लावू." मला जास्त लागलं ते हे. कारण आता पुन्हा तोच भुसा, तोच खोकला.

रविवारी पहाटे आप्पा म्हणाले, "चल, गिरिजात्मजाला जाऊन येऊ." तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पूर्वी एका दमात चढणारे आप्पा तीनदा थांबले. कठड्याला धरून खोकले. मी डोंगराकडे बघत उभा राहिलो, काय बोलणार?

वर सातव्या लेण्यात गेलो. एवढा मोठा मंडप, पण आत एकही खांब नाही. समोर दगडातच कोरलेला गणपती. नमस्कार करून आप्पा भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "हिथं देव भिंतीला लावलेला नाय. भिंत आन्‌ देव एकच दगड हाये. म्हणून दोन हजार वर्षं झाली तरी हाये तिथं हाये. आपलं भिताड तसं नाय. तू बोल्टाचा हिशेब केलास, भिंतीला विचारलंस का?"

सर्वांसमोर व्हायवात नापास झाल्यासारखं वाटलं. खरं म्हणजे उत्तर भोकातून पडलेल्या पांढऱ्या मातीनं दिलंच होतं. अशा भिंतीला बाहेर एक आणि आत एक असे दगडांचे दोन थर असतात, मध्ये माती आणि चिपांची भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसले तर ती दिसते एक, असतात दोन. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसं गेली, ती बरीचशी अशाच भिंतींखाली. फास्टनरचं टोक भोकात फुगून कडेला दाबतं म्हणून तो धरून राहतो. काँक्रीट त्याला उलट दाबतं, माती बाजूला सरते. त्यात मोटर मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४७ वेळा भिंतीला बारीक धक्का. आठ दिवस टिकलं हेच नवल!

परत येताना पायऱ्यांवरच नवीन डिझाइन ठरलं, आणि ते निम्मं आप्पांचं होतं. वजन भिंतीनं उचलायचंच नाही. चौकोनी पाइपचा स्टँड केला, त्याचे पाय जमिनीच्या कोब्यात बोल्ट केले. भिंतीचं काम एवढंच, की स्टँड पुढं कलू द्यायचा नाही. त्यासाठी वरच्या बाजूला दोन लांब बोल्ट भिंतीच्या आरपार काढले आणि दोन्हीकडून ६ मिमी जाडीच्या लोखंडी पट्ट्या लावल्या. मशीनखाली रबराचे पॅड, पाइप जोडायला लवचिक नळी, म्हणजे धक्का पुढं जात नाही. वर एक साखळी, चुकून काही सुटलंच तर धरायला. मशीनला अर्थिंग, आणि भुसा घासत गेल्यानं पीव्हीसी पाइपवर वीज साठते म्हणून त्यावरून तांब्याची तार फिरवून तीही अर्थला. पिशवी कमरेच्या उंचीवर, म्हणजे ती काढायला शिडी नको. आणि स्टूल खोलीच्या दुसऱ्या टोकाला! आप्पांनी स्वतः एक नियम केला. लोखंड घासलं की ते मशीन लावायचं नाही, ठिणगी पिशवीत गेली तर घर जाईल.

शेवटचा नट आप्पांनी आवळला. मग स्टँडला दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. हिशेबाचा कागद त्यांनी मागितला नाही.

आता त्यांचा खोकला गेला असं मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांचा भुसा एका पंख्यानं निघत नाही. बारीक धूळ पिशवीच्या कापडातून थोडी येतेच, म्हणून ते आता मास्कही लावतात. पण परवा फोनवर आई म्हणाली, रात्री झोप लागते त्यांना. मला कुठल्याही सेमिस्टरचा रिझल्ट एवढा गोड लागला नाही.

तेव्हा होस्टेलकरांनो, रूममध्ये पुस्तकांचं कपाट नाहीतर डंबेल्सचा रॅक भिंतीला ठोकण्याआधी (रेक्टर सरांची परवानगी घेऊनच हं!) बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघा. पोकळ वाजते की भरीव? ड्रिलमधून कुठल्या रंगाची पूड येते? आणि पडलंच, तर खाली कोण बसलेलं असेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं भिंत देते. तिसऱ्याचं आपणच द्यायचं असतं, ड्रिल हातात घेण्याआधी.